क्लिफर्डच्या कांद्यांत लाल फुलं

वेनफर्डच्या मिल लेनवर, रेल्वेच्या भरावाखाली, भाजीपाल्याचे चाळीस तुकडे आहेत. जमीन नगरपालिकेची, कसणारी माणसं गावातली. प्रत्येक तुकड्यावर एक लाकडी खोपटं, पावसाचं पाणी साठवायचं एक पिंप, आणि कांद्यांच्या रांगा अशा सरळ की शाळेतल्या बाईंनी पट्टी धरून आखाव्यात. तिथं माणसाची किंमत त्याच्या कोबीवरून ठरते. तो बायकोशी कसा वागतो हे कोणी विचारत नाही. वाफ्याची कड कशी कापतो, हे मात्र सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात.

अशा ठिकाणी बेरिल प्रॉसरनं आपल्या तुकड्याचा मागचा तिसरा हिस्सा रानाला देऊन टाकला होता. म्हणजे ओसाड टाकला होता असं नव्हे. तिथं लाल पॉपी होत्या, निळी कॉर्नफ्लॉवर होती, पांढऱ्या पाकळ्यांच्या उंच डेझी होत्या, आणि या सगळ्यांच्या मधून कमरेएवढं गवत. कुंपणाशी तिनं सडक्या ओंडक्यांचा ढीग रचला होता. घरातलं जुनं भांडी घासायचं सिंक जमिनीत पुरून त्याचं डबकं केलं होतं आणि त्यात एक बेडूक बिनभाड्यानं राहत होता. पुढच्या दोन हिश्श्यांत बटाटे, घेवडा आणि लाल, आंबट देठांचा रूबार्ब होतेच, आणि चांगले होते. पण लोकांना दिसायचा तो मागचा हिस्सा.

बेरिलनं तीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढली होती. पांढऱ्या चादरी, पांढरे अभ्रे, पांढरे डगले, वर पांढरी वाफ. निवृत्त झाली त्या दिवशीच तिनं ठरवलं होतं की आता डोळ्यांना रंग द्यायचा, आणि तोही कोणी घडी न घातलेला. जूनमधल्या सकाळी ती चहाचा थर्मास घेऊन खोपटाच्या पायरीवर बसायची. फुलांवर भुंग्यांची नुसती झुंबड उडालेली असायची, आणि तो आवाज ऐकताना तिला वाटायचं, एवढं सुख आपल्याला शोभतं का?

शोभत नाही असं ठाम मत असलेला माणूस म्हणजे क्लिफर्ड प्रीस, भाडेकरू मंडळाचा अध्यक्ष. जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होता. सख्ख्या मेहुण्याला बिनतिकीट पकडून त्यानं दंड केला होता आणि त्याच रात्री त्याच्याच घरी जेवायलाही गेला होता. त्याच्या मनात कपट नव्हतं. नियम होते, आणि ते त्याला देवाच्या प्रार्थनेपेक्षा जास्त पाठ होते. जूनमध्ये तो मंडळाच्या चिटणीस मॉरीनला सोबत घेऊन प्रत्येक तुकडा तपासायचा. दरवर्षी थोडं थोडं पसरत आलेलं बेरिलचं गवत त्या वर्षी त्याला खुपलं, आणि तो त्यासमोर येऊन थांबला.

"मिसेस प्रॉसर," तो म्हणाला. एरवी तो तिला बेरिल म्हणायचा. मिसेस आलं की समजायचं, आता अध्यक्ष बोलतोय.

"बोल, क्लिफर्ड."

"हे काय आहे?"

"फुलं."

"नियमांत याला तण म्हणतात. फुलावर आलेलं तण."

"नियमांत काही का म्हणेनात. भुंग्यांना कुठं वाचता येतं?"

"याचं बी उडतं, बेरिल. उद्या माझ्या कांद्यांत आलं तर?"

"तेवढीच तुझ्या कांद्यांना सोबत होईल."

शेजारच्या तुकड्यावरून नॉर्मन टक खो खो हसला. नॉर्मन निवृत्त पोस्टमन, गाजरांचा भक्त, आणि गावभरची माहिती पायानं गोळा केलेला. "क्लिफर्डच्या कांद्यांना सोबत कशाला हवी गं? ते लष्करात आहेत!"

क्लिफर्ड हसला नाही. त्यानं नोटीस लिहून बेरिलच्या हातात दिली. ऑगस्ट संपायच्या आत तण काढा, नाहीतर तुकडा सोडून फाटकाची चावी परत करा. शिवाय, नोटीस डोक्यावर असेपर्यंत सभेत बोलता येईल, पण मत देता येणार नाही.

"आणि एकदा नोटीस मिळालेल्याला वर्षभरात दुसरी मिळाली," तो जाता जाता म्हणाला, "तर मग मुदत नाही. सरळ चावी. मी काही वाईटावर नाही, बेरिल."

"ठाऊक आहे रे. तू नियमावर आहेस."

जुलैची सभा स्काउट मुलांच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरली. बेरिलनं निळा कोट घातला होता. तिनं उभं राहून मागणी केली की ज्याला हवं त्याला आपल्या तुकड्याचा तिसरा हिस्सा रानफुलांना आणि प्राण्या-पाखरांना ठेवू द्यावा. सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण वेनफर्डची माणसं ऐकून घेण्यात फार सभ्य. नोटीसवाल्याला ठराव मांडता येत नाही, म्हणून क्लिफर्डनं तो तिच्या वतीनं स्वतः मांडला आणि मतं मागितली. विरोधात भराभर हात वर झाले. नॉर्मनचाही झाला. बाजूनं एकही नाही. आणि बेरिलचा हात तर मोजायचाच नव्हता.

"मनावर घेऊ नकोस," बिस्किटांच्या टेबलापाशी नॉर्मन तिला म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी केलं. चावी गेली असती तर?"

"माझ्या भल्यासाठी एवढे लोक राबताहेत," बेरिल म्हणाली, "आणि मला एका मताचीही तोशीस नाही."

 ऑगस्टच्या अखेरीस आपल्या हातानं ते सगळं कापायचं, हा विचारच तिला सहन होईना. म्हणून ती आधी आठवडाभर बारमथला, समुद्रकाठी बहिणीकडे निघून गेली. आल्यावर बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुढे ढकलण्यात तेवढंच बरं वाटतं.

परत आली ती शनिवारी. मिल लेनचं फाटक उघडताच तिला दिसलं की नॉर्मन, मॉरीन आणि आणखी सात-आठ जण तिच्याच तुकड्यापाशी उभे आहेत. सगळ्यांच्या चेहऱ्यावर वाढदिवसाला दिवे मालवून लपलेल्या माणसांसारखं हसू. मध्ये घडीचं टेबल, त्यावर किटली आणि लिंबाचा केक. आणि त्यांच्या मागे जमीन. नुसती जमीन, न्हाव्यानं मशीन फिरवल्यासारखी.

"काय म्हणतेस!" नॉर्मन ओरडला. "कोयत्यानं, यंत्रानं, सगळे मिळून! दोन दिवस लागले. तुला वाकावं लागू नये म्हणून."

ओंडके जागेवर नव्हते. सिंक उपटून खोपटाला टेकवून ठेवलं होतं, घासून स्वच्छ.

आता खरं तर बेरिलनं ते टेबल उलथून टाकायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही देशातल्या बाईनं टाकलं असतं. पण ही माणसं उन्हात घाम गाळून उभी होती, केक घरी केलेला होता, आणि बेरिल प्रॉसर वेनफर्डमध्येच जन्मलेली होती.

"किती चांगले आहात तुम्ही सगळे," ती म्हणाली, आणि तिनं केकचा तुकडा घेतला. दुसराही घेतला. छान झालाय, असंही म्हणाली.

"आणि वाया काही घालवलं नाही हं," मॉरीननं सांगितलं. भाजीपाला कसणाऱ्या माणसाला फुकटची वस्तू टाकून देण्याएवढं मोठं पाप नाही. "ते गवत काय सुकलं होतं! सगळ्यांनी वाटून घेतलं. रांगांच्या मध्ये पसरलंय, ओल टिकते ना. चाळीसातल्या एकाही तुकड्याला सोडलं नाही. म्हणजे तुझा सोडून. तुला परत तीच कटकट नको."

"क्लिफर्डनं तर तीन ढकलगाड्या नेल्या," नॉर्मन म्हणाला. "अध्यक्ष म्हणून."

बेरिलनं केक चावायचं थांबवलं. ऑगस्टचा मध्य. पॉपीची बोंडं वाळून खुळखुळ्यासारखी वाजायची वेळ; एकेका बोंडात खसखशीएवढं बी, मोजता न येण्याइतकं. तिनं चाळीस तुकड्यांवर नजर फिरवली. सगळीकडे तिचं गवत नीट, हातानं, प्रेमानं पसरलेलं होतं. क्लिफर्डच्या वाफ्यांत तर गादीएवढं जाड.

बियांचं गुपित तिनं स्वतःपाशीच ठेवलं. त्या दिवशी तिला त्यात आनंद वाटला असं म्हटलं तर खोटं होईल. घरी जाऊन तिनं न्हाणीघराचा नळ सोडला आणि शेजारणीला ऐकू जाऊ नये अशी रडली.

दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड स्वतः एक जाड काळं प्लॅस्टिक घेऊन आला. त्याच्याच खोपटातलं, त्याच्याच पैशाचं. "वर्षभर झाकून ठेव. खाली उजेड गेला नाही की सगळं मरतं. मग बटाटे लाव. नोटीस मी रद्द केली." त्यानं कडेकडेनं विटा मांडून दिल्या, तेही दोरी धरून सरळ रेषेत. बेरिल त्याला हो म्हणाली. तिच्यात नाही म्हणण्याचं त्राण उरलं नव्हतं.

हिवाळाभर तो काळा चौकोन तिच्या समोर होता. वरती पावसाचं पाणी साचायचं आणि त्यात आभाळ दिसायचं. दोनदा तिनं चावी परत करायची म्हणून पिशवीत टाकली आणि दोनदा पिशवीतून काढली. पुढच्या वाफ्यांतलं तण मात्र ती काडी न काडी वेचत राहिली. वर्षाच्या आत दुसरी नोटीस आली असती, तर मग सगळंच गेलं असतं. आणि ती एवढी हरली नव्हती.

एप्रिलमध्ये नॉर्मननं तिला हाक मारली.

"अगं बेरिल, इकडे ये! माझी गाजरं बघ. एवढी दाट उगवण आयुष्यात पाहिली नव्हती!"

बेरिल वाकली. नॉर्मनच्या वाफ्यात बारीक कातरलेल्या पानांचे हिरवे झुबके रांगेत आणि रांगेबाहेरही मुसंडी मारत होते. त्यातलं एखादं गाजर असेलही. बाकीची पानं तिनं सात वर्षं पाहिली होती; झोपेतसुद्धा ओळखली असती.

तिनं एक पान बोटांत धरून पाहिलं.

"जोरात आहेत," ती गंभीरपणे म्हणाली.

"विरळ करू का?"

"छे! एवढी सुंदर गाजरं उपटतात का कोणी?"

परत येऊन ती खोपटात शिरली, दार लावून घेतलं, आणि तोंडावर हात दाबून हसली. गेल्या ऑगस्टनंतर ती पहिल्यांदा हसत होती. आपण सांगायला हवं का? तिनं क्षणभर विचार केला. मग तिला आठवलं की आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि थर्मास उघडला.

मेमध्ये क्लिफर्ड आला. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या.

"बेरिल, तुझ्या-माझ्यात काही लपवाछपवी नाही. माझ्या कांद्यांत काहीतरी येतंय. खुरपलं, पुन्हा आलं. काय करू?"

आता हा सरळ प्रश्न होता, आणि बेरिलनं त्याला सरळ उत्तर द्यायचं ठरवलं. "तुझी पद्धत काय आहे?"

"खणणं. दोन कुदळी खोल."

"मग खण की. तुझ्या पद्धतीनं."

क्लिफर्ड प्रामाणिक माणूस. कांद्यांच्या रांगांमध्ये, कोबीच्या कडेनं, जिथं जागा सापडली तिथं तो आठवडाभर खणत राहिला. आता पॉपीचं असं आहे की तिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतं आणि माती उलथली की उजेड पाहून उठतं. जितकं खणाल तितकी पॉपी. गावातला सगळ्यात कष्टाळू माणूस आपल्या दोन्ही हातांनी, सकाळ-संध्याकाळ, रान पेरत होता.

आणि जूनच्या पहिल्या उबदार आठवड्यात मिल लेन पेटली.

दुसरा शब्द नाही त्याला. रेल्वेच्या भरावावरून बघणाऱ्याला वाटलं असतं की खाली लाल कापडाचे तागे उलगडलेत. लेट्यूसमधून लाल, घेवड्याच्या काठ्यांभोवती लाल, मध्ये निळ्या ठिपक्यांची रेलचेल, वाटांच्या कडेला डेझी. नॉर्मनच्या वाफ्यात गाजर औषधालाही नव्हतं. आणि क्लिफर्डचे कांदे! ते लष्कर गळ्याएवढ्या फुलांत बुडालं होतं. चाळीस तुकड्यांत एकच तुकडा नियमाप्रमाणे स्वच्छ होता: बेरिलचा. पुढे बटाट्यांच्या सरळ रांगा, मागे काळं प्लॅस्टिक, फुलाचा ठिपकासुद्धा नाही.

पहिले चार दिवस सगळे चिडले. नॉर्मन तर बेरिलसमोर येऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं!"

"काय?"

"की ती गाजरं नव्हती!"

"चाळीस वर्षं गाजरं लावणारा तू," बेरिल म्हणाली. "मी कोण बापडी सांगणार?"

पाचव्या दिवशी नॉर्मनची बायको आली. नवऱ्याच्या तुकड्यावर तिनं कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. गाजरांच्या रांगा बघायला कोण येणार? तिनं घडीची खुर्ची मांडली, चपला काढल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसली. दुसऱ्या दिवशी भावजयीला घेऊन आली. रविवारी कुंपणाबाहेर गावातली माणसं येऊन उभी राहू लागली, लेकरांना खांद्यावर घेऊन. घेवड्यावर दरवर्षी काळा मावा पडायचा आणि सगळे साबणाचं पाणी मारून थकायचे; या वर्षी लेडीबर्ड किड्यांनी तो खाऊन फस्त केला. लाल तोंडाचे इवले पक्षी थव्यानं येऊ लागले. दिवसभर सगळीकडून भुंग्यांची गुणगुण. मॉरीन म्हणाली की तिला काम सुचत नाही, आणि ते तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

मग तपासणीचा दिवस उजाडला.

"या वर्षी राहू दे ना, क्लिफर्ड," मॉरीन अजिजीनं म्हणाली. "डोळे मिटून एक फेरी मारू आणि चहा घेऊ."

"गेल्या वर्षी डोळे मिटले होते का?" क्लिफर्डनं विचारलं. त्याचा चेहरा ओढलेला होता. "बेरिलला जो नियम, तो सगळ्यांना. लिही. पहिलं नाव प्रीस."

मॉरीननं लिहिलं. मग तिचं स्वतःचं. मग नॉर्मनचं. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस नोटिसा लिहून झाल्या. शेवटी क्लिफर्ड बेरिलच्या तुकड्यापाशी आला.

"मिसेस प्रॉसर, आपला तुकडा नियमानुसार आहे. अभिनंदन."

"आभारी आहे, अध्यक्षसाहेब," बेरिल म्हणाली. तिला त्याची थट्टा करायची होती, पण जमेना. एवढ्या सरळ माणसाला वाकडं बोलून दुखवायला मन धजत नाही.

ऑगस्ट संपायच्या आत फुलं उपटायची, नाहीतर चावी. पण उपटायला कोणाचा हात होईना. सगळे म्हणू लागले, नियमच बदलू, जुलैची सभा कशाला आहे?

पत्र्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. क्लिफर्डनं हातोडी आपटताच नॉर्मन उठला.

"ठराव मांडतो! प्रत्येकानं आपल्या तुकड्याचा—"

"खाली बस, नॉर्मन," क्लिफर्ड म्हणाला. "ठराव मांडणं हा मताचा अधिकार. तुला नोटीस आहे."

"मग मॉरीन मांडेल."

"तिलाही आहे."

"मग तू!"

"मलाही आहे. पहिली माझीच."

हॉलमध्ये गलका उडाला. कोणी म्हणालं हा मूर्खपणा आहे, कोणी म्हणालं नियम तुझ्या डोक्यात गेलेत. क्लिफर्ड थांबला, सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षी याच हॉलमध्ये एका बाईचं मत आपण मोजलं नाही. तेव्हा कोणाला मूर्खपणा वाटला नाही. आज नियम मोडला, तर तेव्हा आपण तिच्यावर नुसती दांडगाई केली असं होईल."

 मग एकेक करून माना वळू लागल्या. मागच्या रांगेत, दाराजवळ, निळा कोट घालून बेरिल प्रॉसर बसली होती. आख्ख्या मिल लेनमध्ये मत द्यायचा हक्क असलेली एकटी.

ती मुद्दामच सावकाश उठली. कोटाची गुंडी लावली. या क्षणाचा एक घोटही सांडायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. मनात आलं असतं तर ती म्हणू शकली असती की माझा काही ठराव नाही, नियम उत्तम आहेत. आणि ऑगस्टअखेरीस एकोणचाळीस जणांना तो रंग आपल्या हातानं उपटावा लागला असता. हे तिला कळत होतं, आणि सगळ्यांना कळत होतं. नॉर्मन तर टोपी कुरतडायच्या बेतात होता.

"गेल्या वर्षी मी जे मागितलं होतं," बेरिल म्हणाली, "तेच आज मागते. शब्दही बदलत नाही. ज्याला हवं त्यानं आपल्या तुकड्याचा तिसरा हिस्सा रानफुलांना आणि प्राण्या-पाखरांना ठेवावा. आणि या नोटिसा रद्द व्हाव्यात. सगळ्यांच्या."

"अनुमोदन लागेल ना?" कोणीतरी घाबरून विचारलं.

"अनुमोदन हे बोलणं आहे," क्लिफर्ड म्हणाला. "नोटीसवाल्याला बोलता येतं." तो खुर्चीतून उठला. "माझं अनुमोदन आहे. माझ्या कांद्यांच्या वतीनंही."

आधी कोणी हसलंच नाही. क्लिफर्डनं विनोद केलाय हे कळायलाच वेळ लागला. मग छप्पर उडायचं बाकी राहिलं.

"ठरावाच्या बाजूनं?" क्लिफर्डनं हातोडी आपटत विचारलं.

बेरिलनं हात वर केला. पूर्ण, कोपर ताठ करून.

"विरोधात?"

भरलेल्या हॉलमध्ये एकही हात हलला नाही.

"ठराव मंजूर," क्लिफर्ड म्हणाला. "एकमतानं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाय आपटले. नॉर्मनच्या बायकोनं बेरिलच्या गालाचा मुका घेतला. बेरिलला रडू येत होतं आणि हसूही, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. या वेळी नळ सोडायची गरज नव्हती.

जुलैच्या संध्याकाळी आठ वाजताही लख्ख उजेड असतो. सगळं लटांबर हॉलमधून थेट मिल लेनला आलं. बेरिलचं प्लॅस्टिक काढायचं, तेही आत्ताच्या आत्ता, असं नॉर्मननं जाहीर केलं होतं. तिचे ओंडके कोणी कोणी नेले होते ते परत येऊ लागले. क्लिफर्डनं विटा उचलल्या, एक कोपरा धरला आणि उलटवला.

"साप!" तो किंचाळला आणि दोन हात मागे उडाला.

प्लॅस्टिकखाली, उबदार मातीवर, चार-पाच लांबट जीव वेटोळून पडले होते. बोटाएवढे जाड, नव्या तांब्याच्या नाण्यासारखे झळझळीत. त्यांच्या अंगाखाली काडेपेटीच्या काडीएवढी पिलं वळवळत होती, सोनेरी.

"साप नाही रे," बेरिल गुडघ्यांवर बसली. सात वर्षं फुलं लावली, डबकं केलं, ओंडके रचले, आणि हे कधी आले नव्हते. "स्लो-वर्म. पाय नसलेला सरडा म्हण हवं तर. बघ, पापणी मिटतोय. सापाला पापणी नसते. गोगलगाई खातो हा, क्लिफर्ड. तुझी लेट्यूस फस्त करणाऱ्या."

क्लिफर्ड सावधपणे जवळ आला. मग तोही गुडघ्यांवर बसला, चांगल्या पॅंटसकट.

"माझ्या प्लॅस्टिकखाली?" तो हळूच म्हणाला.

"तुझ्याच. वर्षभर ऊब धरून राहिलेत."

"मग आता काय करायचं? काढायचं की ठेवायचं?"

सगळे बेरिलकडे बघत होते. त्या काळ्या चौकोनाचा तिनं हिवाळाभर मनापासून तिरस्कार केला होता. आता ती मोठ्यानं हसली, इतकी की भरावावरून चाललेल्या एका माणसानं वाकून पाहिलं.

"अर्धं काढा, तिथं बी टाकू. हे अर्धं राहू दे. तिसऱ्या हिश्श्यात त्यांचाही हिस्सा आला."

क्लिफर्डनं कोपरा दोन्ही हातांत धरला आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा इंच इंच खाली सोडला. मग त्यानं एक वीट उचलून कडेला ठेवली, आणि जीवांना ये-जा करायला फट राहावी म्हणून ती जरा तिरकी केली.